लॉ कॉलेजात जाताय? डायरी उतरवू नका

जूनमध्ये भाचीचा फोन आला. "मावशी, सीईटीला बरे मार्क पडलेत. प्रवेशाच्या कॅप फेरीला कुठली कॉलेजं भरू?" म्हटलं, शनिवारी कळव्याला ये, दोन दिवसांत तीन-चार कॉलेजं बघून टाकू. ती आली ती मोबाइलमध्ये यादी घेऊनच. कुठल्या कॉलेजला किती स्टार, कुठली इमारत काचेची, कुठलं कॅन्टीन एसी. मी यादी बघितली आणि विचारलं, "मूट कोर्टाच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, ते लिहिलंय का यात?" तिला वाटलं मी थट्टा करतेय. मूट म्हणजे मुलांनी युक्तिवादाचा सराव करायचा नकली खटला.

मी स्वतः २०१५ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी एलएलबीला गेले. तोवर ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये होते. सकाळी कॉलेज, दुपारी दोनपासून शिफ्ट, रात्री लोकलमध्ये डुलक्या. लॉची सीईटी २०१६ पासून सुरू झाली, त्यामुळे त्यातून मी वाचले. आता ठाणे कोर्टात असते, आठवड्यातून एक-दोन दिवस बेलापूरला. भाचीला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, थोडं सविस्तर. डायरी म्हणजे कोर्टात बघितलेल्या कामाच्या टिपणांची वही, जी मार्कांसाठी द्यावी लागते आणि बरेच जण दुसऱ्याची उतरवतात; तिच्यावर पुढे येतेच.

प्रवेशाचं आधी उरकते. तीन वर्षांच्या कोर्सला कुठल्याही शाखेची पदवी चालते, पाच वर्षांच्याला बारावी. टक्के खुल्या वर्गाला ४५, ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४०. सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न मोकळा सोडू नका. कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, आणि ती कुठल्या वर्षापर्यंत, हे ऑफिसात तोंडी विचारून थांबू नका, पत्र बघायला मागा. मान्यता नसेल तर पुढे सनदेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याला, अडतं, आणि तेव्हा तीन वर्षं कुणी परत देत नाही.

नोकरी करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे लॉचे वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात याच वेळात घ्यायचे असतात, आणि प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. "हजेरीचं बघून घेऊ" असं कुणी गोड बोलून सांगितलं तर तिथून उठा. मी दोन वर्षं पहाटे साडेपाचला उठून डबा करून गेले आहे, त्यामुळे हे कसं जमतं ते मला कुणी शिकवू नये, आणि जमतच नाही असंही सांगू नये.

आता कॉलेज बघायला जाल तेव्हा काय बघायचं.

सरळ लायब्ररीत जा. लायब्रेरियनना म्हणा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा बेअर अ‍ॅक्ट बघायचाय (म्हणजे नुसत्या कलमांचं पुस्तक). १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी आणि एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. ही पुस्तकं कपाटात पुढे, हाताळून कोपरे दुमडलेली असतील तर तिथे मुलं वाचतात. कुलुपातून काढून द्यावी लागली तर समजून घ्या. मग 'महाराष्ट्र लॉ जर्नल'चे ताजे अंक कुठे आहेत ते विचारा. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रा या निकालांच्या ऑनलाइन संग्रहांचं लॉगिन असेल तर ते विद्यार्थ्याला मिळतं की फक्त प्राध्यापकांना, हे नक्की विचारा. आम्ही गेलो त्या एका ठिकाणी "हो हो, आहे" असं उत्तर आलं. पासवर्ड मात्र ज्या सरांकडे होता ते रजेवर होते. वर्षभराच्या.

मग मूट कोर्ट. माहितीपत्रकात त्याचा फोटो असतोच: पॉलिश केलेलं न्यायासन, साक्षीदाराचा पिंजरा, मागे अशोकस्तंभ. खोली उघडून दाखवा म्हणा. एका कॉलेजात किल्ली शोधायला शिपाईमामा वीस मिनिटं फिरले. दार उघडलं तर न्यायासनावर गॅदरिंगचे थर्माकोलचे खांब आणि पिंजऱ्यात मोडकी बाकं, आरोपीसारखी उभी. भाचीने यादीतून ते नाव तिथल्या तिथे खोडलं. दुसऱ्या कॉलेजचं मूट कोर्ट म्हणजे साधा वर्गच होता, चार टेबलं जोडलेली. पण फळ्यावर आदल्या दिवसाच्या मूटचे मुद्दे अजून तसेच होते, आणि एक पोरगी कोपऱ्यात एकटीच भिंतीशी युक्तिवाद करत होती. ते नाव वर गेलं.

विधी सहाय्य केंद्र विसरू नका. प्रत्येक लॉ कॉलेजने ते चालवायचं असतं, तसा नियमच आहे. बोर्ड सगळीकडे लावलेला असतो. तुम्ही नोंदवही मागा. शेवटची नोंद कोणत्या तारखेची, लोक काय अडचणी घेऊन आले, त्यांचं पुढे काय झालं. वही कोरी असेल तर शिकवायला किती नामवंत वकील येतात हे ऐकण्यात वेळ घालवू नका.

अभ्यासक्रम तसा सगळीकडे सारखाच. करार कायदा, राज्यघटना, टॉर्ट, कौटुंबिक कायदे, मालमत्ता हस्तांतरण, कंपनी, कामगार, पर्यावरण, दिवाणी प्रक्रिया संहिता (सीपीसी), पुरावा, फौजदारी कायदे. यातला पुरावा आणि सीपीसी जीव ओतून करा, बाकीचं कामाच्या ओघात वाचून होतं. फौजदारीसाठी सीनियर बॅचच्या नोट्स फुकट मिळाल्या तरी जपून वापरा. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८ झाली. पण गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर त्याला जुनंच कलम लागतं, आणि असे खटले कोर्टात अजून ढिगाने पडलेत. म्हणजे तुमच्या पिढीला दोन्ही आकडे तोंडपाठ हवेत. आम्ही चाळिशीत पुन्हा पाढे म्हणायला बसलो, तुम्ही तर वयाने लहान आहात.

या सगळ्या विषयांच्या सावलीत चार प्रॅक्टिकल पेपर असतात: मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी तंटा निवारण, आणि मूट कोर्ट व इंटर्नशिप. मुलं यांना 'मार्क काढायचे पेपर' म्हणतात. सगळ्यात जास्त उतरवाउतरवी होते ती इथेच.

बार कौन्सिलच्या आराखड्यात चौथ्या पेपरचे शंभर मार्क असे विभागलेत: तीन मूटना ३०, दोन खटले प्रत्यक्ष बघून टिपणं काढण्याला ३०, पक्षकाराची मुलाखत आणि दाव्याच्या तयारीची डायरी यांना ३०, तोंडीला १०. खटल्यांपैकी एक दिवाणी, एक फौजदारी. मसुद्याच्या पेपरात पंधरा मसुदे कोर्टकामाचे आणि पंधरा दस्तांचे. आमच्या वर्गातल्या साठ जणांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी एकच खटला 'बघितला' होता, कारण एकाची डायरी सगळ्यांनी उतरवली. साक्षीदाराच्या नावातली चूकसुद्धा सगळीकडे तीच. पहिल्या वर्षी त्यात मीही होते. शिफ्ट होती, वेळ नव्हता, कारणं सगळी होती.

पुढच्या वर्षी मात्र एका दुपारी रजा टाकून मी ठाणे कोर्टात जाऊन बसले. मोटारसायकल चोरीचा साधा खटला. पिंजऱ्यात पंच उभा होता, चहाच्या टपरीवर काम करणारा पोरगा. सरकारी वकिलांनी सरतपास घेतला: पंचनामा झाला का, हो, सही तुझीच का, हो. सगळं सरळ चाललं होतं. मग बचावाच्या वकीलबाई उठल्या. वयस्कर, आवाज अगदी खाली.

"टपरी कुठे तुझी?"

"पोलीस स्टेशनच्या समोर, मॅडम."

"साहेबांना चहा तूच देतोस?"

"हो."

"पंचनामा लिहिला तेव्हा चहा किती दिले?"

पोरगा हिशोबात पक्का. "चार कटिंग. आत टेबलावर नेऊन ठेवले."

"म्हणजे लिहिलं ते पोलीस स्टेशनात, टेबलावर."

"हो."

बाई खाली बसल्या. जागेवर केलेला म्हणून आणलेला पंचनामा चार कटिंगमध्ये बुडाला. मी मागच्या बाकावर वहीत चहा, टेबल, पोलीस स्टेशन एवढे तीनच शब्द लिहिले होते. त्या दिवशी उलटतपासाबद्दल जे कळलं ते पुस्तकातल्या प्रकरणातून मला कळलं नव्हतं: उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न विचारायचा नसतो.

म्हणून खटला बघायला जाल तेव्हा असं करा. अकराच्या आधी पोचा. कोर्टाच्या दाराबाहेर दिवसाचा बोर्ड लागलेला असतो, त्यात 'पुरावा' किंवा 'एव्हिडन्स' टप्प्यावरची प्रकरणं शोधा. नुसत्या तारखा पडणाऱ्या कोर्टात दिवसभर बसून काही हाती लागत नाही. मोबाइल बंद. मागच्या बाकावर बसा. सगळं उतरवायला जाऊ नका. प्रश्न, उत्तर, आणि त्यातलं न्यायाधीशांनी काय लिहून घेतलं, एवढंच टिपा. साक्षीदार बोलतो एक आणि कागदावर उतरतं त्याचं आटीव रूप. ते कसं उतरतं हे बघायला मिळणं हीच खरी शिकवणी.

दिवाणी दावा एका बैठकीत बघून होत नाही, वर्षं जातात. त्यावर उपाय सोपा आहे. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो, ठाण्याचे नंबर एमएचटीएच ने सुरू होतात. पहिल्या वर्षी ओळखीच्या वकिलांना विचारून एखादा नुकताच दाखल झालेला दावा निवडा आणि त्याची प्रत्येक तारीख डायरीत चढवा. समन्स बजावलं की परत आलं, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) कधी आली, मनाई अर्जावर 'से' (म्हणणं) द्यायला किती तारखा घेतल्या, मुद्दे कधी काढले. दोन वर्षांत सीपीसीचा निम्मा अभ्यास असाच होतो.

मराठीचंही सांगायला हवं. १९९८ पासून आपल्याकडे जिल्हा व तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे. फिर्याद, जबाब, पंचनामा, सातबारा, फेरफार सगळं मराठीत. इंग्रजी माध्यमातून आलेली हुशार मुलं 'निशाणी ५' म्हणजे एक्झिबिट ५ हे कळेपर्यंत घाम गाळतात. मराठी माध्यमवाल्यांनी न्यूनगंड बाळगू नये, पण इंग्रजी निकालपत्रं वाचायची सवय मात्र लावून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून ई-एससीआर पोर्टलवर निकाल फुकट ठेवलेत. रोज एक, निदान आठवड्याला तीन. आधी वस्तुस्थिती, मग वादाचा मुद्दा, मग कोर्टाने काय ठरवलं आणि का, हे आपल्या शब्दांत अर्ध्या पानात. अर्ध्या पानाच्या वर गेलात तर तुम्हाला निकाल कळलेला नाही.

आता इंटर्नशिप. तीन वर्षांच्या कोर्सला मिळून किमान बारा आठवडे, पाच वर्षांच्याला वीस, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. मुलांचा ओढा फोर्टमधल्या मोठ्या फर्मकडे. एकदा जरूर जा, तिथली शिस्त बघा. पण एक उन्हाळा तरी जिल्हा कोर्टातल्या वकिलाकडे काढा. सीव्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. सकाळी साडेदहाला बाररूमपाशी (वकिलांच्या खोलीपाशी) उभं राहा, दोन-तीन दिवस वेगवेगळ्या कोर्टांत बसून कोणाचं काम आवडतं ते बघा, आणि त्यांना थेट विचारा. पैसे बहुधा मिळत नाहीत, हे स्पष्ट सांगते. काही सीनियर फक्त झेरॉक्सला पाठवतात. आठवडाभर बघा, नंतरही झेरॉक्सच असेल तर नम्रपणे निरोप घ्या. गळ्यातला पांढरा बँड आणि गाऊन सनद मिळेपर्यंत घालायचा नाही, पांढरा शर्ट आणि काळा कोट पुरे.

माझ्या सीनियरांनी मला पहिलं काम दिलं ते चेक बाउन्सच्या नोटिशीचं. पक्षकार वागळे इस्टेटमधला छोटा कारखानदार. कलम १३८ मला पाठ होतं: तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवस पैसे द्यायला, मग एक महिन्यात तक्रार. मी ऐटीत हिशोब केला. चेकवर तारीख ३ मार्च, म्हणजे नोटीस २ एप्रिलपर्यंत. तेव्हा ५ एप्रिल होता. मी सीनियरांना सांगितलं, सर, मुदत गेली, केस मेली. पक्षकार समोरच बसलेला, त्याचा चेहराच उतरला. सरांनी काही न बोलता फाइलमधून बँकेचा मेमो काढून माझ्यासमोर ठेवला. तो त्याला मिळाला होता १० मार्चला. तीस दिवस मोजायचे ते चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून. ९ एप्रिलपर्यंत वेळ होता. नोटीस त्याच संध्याकाळी रजिस्टर पोस्टाने गेली, पोस्टात रांगेत मीच उभी होते. त्या दिवसाची माझी डायरी दीड पानाची आहे आणि त्यात मी स्वतःला काय काय म्हटलंय ते परीक्षकांनी वाचलं असेल तर त्यांची करमणूक झाली असेल.

पक्षकाराची मुलाखत शिकायला विधी सहाय्य केंद्रासारखी जागा नाही. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टातच आहे, तिथे जाऊन बसायला मिळालं तर सोडू नका. आम्ही दिघ्याला शिबिर घेतलं होतं. एक बाई पिशवीभर कागद घेऊन आली: रेशनकार्ड, लग्नाचे फोटो, मुलाचा शाळेचा दाखला. मी लगेच विचारलं, पोटगी हवी का, घरगुती हिंसाचाराची केस करायची का. ती गप्प. माझ्या बरोबरची मैत्रीण म्हणाली, "ताई, आज इथवर यायचं कसं ठरवलंत?" मग ती बाई अर्धा तास बोलली. तिला पोटगी नको होती, मुलाच्या शाळेने बापाची सही मागितली होती आणि बाप सापडत नव्हता, एवढंच होतं. कायदा मला येत होता, विचारायचं कसं ते मैत्रिणीला. मोफत वकील मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही, हे मात्र त्या दिवशी वीसेक बायकांना पहिल्यांदा कळलं. तुम्हीही शिबिराला जाल तर हे वाक्य आधी सांगा.

ठाणे-नवी मुंबईत शिकण्याचा एक फायदा इथली मुलं वापरतच नाहीत. ठाण्यात जिल्हा कोर्टाशिवाय कौटुंबिक, कामगार आणि सहकार न्यायालय आहे, ग्राहक आयोग आहे. प्रत्येकाची चाल वेगळी. बेलापूरला कोर्टाबरोबर कोकण भवन आणि सिडको भवन. नवी मुंबईत जमीन म्हटलं की सिडकोचा भाडेपट्टा आणि साडेबारा टक्क्यांचे (जमीन गेलेल्यांना दिलेले) प्लॉट आलेच, आणि हे कुठल्याही मुख्य विषयात धड शिकवत नाहीत. मालमत्ता हस्तांतरणाचा प्रोजेक्ट असेल तर पुस्तकातली उदाहरणं सोडा, आपल्याच इमारतीचा दस्त मागून घेऊन वाचा. सोसायटीची थकबाकी वसुली म्हटलं की माझ्या नोट्समध्ये सहकार कायद्याचं कलम १०१ होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांना ते १५४ब-२९ झालं, आणि हे मला एका सेक्रेटरीकाकांनी दाखवून दिलं. ठाण्यात मामलेदार मिसळ खायला सगळे जातात, ज्या मामलेदार कचेरीवरून तिला नाव पडलं तिथे फेरफाराची नोंद कशी होते ते बघायला कुणी जात नाही. एकाच फेरीत दोन्ही होतं.

शेवटचं वर्ष संपलं की सनद. तिचं थोडक्यात. नोंदणीची फी वकील कायद्यात ठरलीय तेवढीच घ्यायची असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं: खुल्या वर्गाला ७५० रुपये, एससी-एसटींना १२५. आमच्या वेळी कितीतरी जास्त मोजावे लागले, ते जाऊ दे. मग ऑल इंडिया बार एक्झामिनेशन: शंभर प्रश्न, खुल्या आणि ओबीसी वर्गाला ४५ टक्के, बिनटिपणांचा बेअर अ‍ॅक्ट जवळ ठेवता येतो. म्हणून बेअर अ‍ॅक्टवर पेनाने लिहू नका, निदान एक संच कोरा ठेवा. पगारी पूर्णवेळ नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, तेव्हा नोकरी कधी सोडायची याचा घरात हिशोब आधीच करा. मी वर्षभराचा खर्च बाजूला काढूनच राजीनामा दिला. आणि न्यायाधीश व्हायचं डोक्यात असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आलीय. त्यामुळे कोर्टाला टाळून नुसत्या क्लासच्या जोरावर तिथे पोचायचा रस्ता आता नाही.

भाचीने शेवटी ते चार टेबलांचं मूट कोर्टवालं कॉलेज पहिल्या पसंतीला टाकलं आणि तिला तेच मिळालं. ऑक्टोबरमध्ये ती पहिल्यांदा माझ्याबरोबर कोर्टात आली, मागच्या बाकावर बसली. संध्याकाळी मी तिची वही मागितली. लिहिलं होतं: "पुकारा ११.५०. वादीचे वकील हजर, प्रतिवादीचे नाहीत. वादीच्या वकिलांनी पुरसिस दिली. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुरसिस म्हणजे काय?"

म्हटलं, आपल्याला यापुढे साक्षीदार तपासायचे नाहीत, असं त्यांनी कोर्टाला लेखी कळवलं. असं लेखी कळवणं म्हणजे पुरसिस.

"मग आता प्रतिवादीची पाळी?"

"पुढच्या तारखेला."

तिने तारीख विचारून घेतली आणि वहीत लिहिली.